प्लायवरची रेघ

सर, माझा उजवा हात थरथरायला लागलाय. आधी चहाच्या कपावर कळलं, मग पेन्सिलीवर. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं थोपवू, पण हे वाढतच जाणार. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच. बाकीचे म्हणतील, नकाशे कॉम्प्युटरवर काढ, तिथे रेघ सरळच येते. खरं आहे. पण लाकूड हातात घेऊन, शेजारी पेन्सिल चालवल्याशिवाय मला काही सुचतच नाही. ही खोड तुम्ही लावलीत. हातच गेला तर माझ्याकडे काय उरतं, ते मात्र कधी बोलला नाहीत.

उस्मानपुऱ्यातलं आपलं आर्किटेक्टचं ऑफिस आठवतं, मी तिथे नवशिकी होते. पुढे ड्रॉइंगची टेबलं, मागे पत्र्याखाली सुतारकाम. उन्हाळ्यात घाम थेट कागदावर पडायचा. दार-खिडकीचं चित्र तुम्ही कागदावर थांबूच देत नव्हतात. प्लायवर खऱ्या मापात काढायचं, त्यावर सागवान ठेवून खुणा करायच्या, आणि ज्यानं काढलं त्यानंच पहिला सांधा कापायचा. माझी पहिली चौकट आखूड भरली, कारण मी करवत रेघेच्या बाहेरून न चालवता नेमकी रेघेवरूनच चालवली होती. तुम्ही ती उचलून बघता आणि सगळ्यांसमोर विचारता, "काय गं, करवत काय हवेवर जगती? ती बी लाकूड खातीच ना? तिचं जेवण कुठं धरलंस तू?" सगळे हसतात. मी मागे जाऊन रडते. पुढे त्याच वाया गेलेल्या सागवानाची रेघा मारायची पट्टी करून तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलीत. तेव्हाच ठरवलं, घरं बांधायची तर अशीच. तुम्ही अचानक गेलात, आदल्या दिवशीपर्यंत रंधा मारत होतात. त्याचा मला आता हेवा वाटतो.

आज फर्दापूरला होते. तिथल्या अतिथीगृहाचा लाकडी जिना आम्ही करतोय. प्लाय अंथरला, पहिली रेघ वाकडी गेली. खोडली, पुन्हा मारली. तिसऱ्यांदाही तेच. माझ्याबरोबर कित्येक वर्षं काम करणारे मिस्त्री बाहेर बघत उभे होते. मग शेजारी उकिडवे बसले. "म्याडम, रेघ म्या मारू का? तुमी निस्तं सांगा, कुठून कुठं." त्यांची पेन्सिल टोक काढून तयार होती. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" "लई दिस झाले. म्हनलं, तुमीच बोलाल."

मी सरकून जागा दिली. त्यांनी रेघ मारली, सरळ, एका दमात. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं असूनही लिहिते आहे. सर, मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. पण मला हायसं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटते आहे.