शालूबाईंनी दिलेलं दुकान

स्टेशन नाका,
१४ नोव्हेंबर २०२५

दोस्त दस्तगीर यास बिराप्पाचा रामराम आणि सलाम.

चांदबी वहिनींचा गुडघा कसा आहे? विश्रामबागेतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर मानवलं ना? फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. इकडं सगळं बरं.

बरं कसलं! सोमवारी पेंटर आला आणि आपल्या परमिट रूमच्या पाटीवर चुना फासायला लागला. मी ओरडलो, तर म्हणतो, "आवं आजोबा, इंद्रजित शेटनी दुकान घेतलं की. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" गिऱ्हाईकं माझ्या तोंडाकडं बघत बसली. गड्या, परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं.

हे दुकान हातोहात आलेलं. पहिले धनाजीअण्णा, रेल्वेतनं निवृत्त झालेले. त्यांच्या माघारी शालूबाई. गाडीची घंटा झाली की बाई गिऱ्हाईकाच्या ग्लासावर हात ठेवायची, "आदी गाडी, मग घोट. घरी बायकू वाट बघत्या." म्हातारपणी तिनं आपल्या दोघांना गल्ल्यावर बसवलं. मी बिरदेवाच्या पुजाऱ्याच्या घरातला, दारूच्या लायसनवर नाव कसं लावणार? तू म्हणालास, "माजं लाव. मशिदीत मी आदीच बदनाम हाय." केवढे हसलो होतो! तीस वर्षं बोलणी तू खाल्लीस, नमस्कार मी घेतले.

तरी पण विकायच्या आधी एका शब्दानं विचारायचं होतंस रं.

आता पोटातलं लिहितो. यंदा श्रावणात पूजेच्या पाळीवरनं भाऊबंदांनी मला देवळात उभं केलं. "दारूच्या दुकानात तुजी भागी हाय का न्हाई?" मी देवाचा भंडारा उचलला आणि शपथेवर बोललो, "माजा काय संबंद न्हाई. दुकान दस्तगीरचं." वळलो, तर दारात तू, माझी विसरलेली छत्री घेऊन. छत्री हातात दिलीस आणि गेलास. मला वाटलं, यानं समजून घेतलं. तू तर माझ्या शब्दालाच धरून दुकान विकलंस.

आमची कारभारीण दगडाबाई म्हणते, "देवाम्होरं सांगितलं न्हवं? मग आता रडताय कशापायी?"

रविवारी त्याच देवळात, चारचौघांत खोटं कबूल करणार आहे. पूजेची पाळी जाईल, जाऊ दे. दुकान परत येत नाही, तेही कळतं. पण तू ये. दारात थांबू नकोस, आत येऊन बस. माझं झालं की मी विचारीन, विकताना माझी एकदा तरी आठवण झाली का? तेव्हा मात्र मान खाली घालू नकोस.

तुझ्यावर लय रागावलेला,
तुझा भागीदार,
बिराप्पा