रडणं घरी ने

अ‍ॅक्रन, १९ मार्च

प्रिय वर्नेटा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलंस, तरी मी तुला दोष देणार नाही. फोडलं असशील, तर आधी बातम्या. आपला बाळंतिणींचा वॉर्ड आता चौथ्या मजल्यावर गेलाय. डेलने टायरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि आता नवरा दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करतो. गेल्या महिन्यात किराणा दुकानात रेनिटा भेटली. ओळखलंस ना? तिची लेक आता पाचवीत आहे, आईच्या खांद्याला लागते. रेनिटाने तुझा पत्ता विचारला. "त्या बाईमुळे मी इथे कोबी निवडत उभी आहे," म्हणाली. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

अकरा वर्षं झाली त्याला. बाळंत होऊन एक दिवसही झाला नव्हता आणि रेनिटा म्हणत होती, श्वास पुरत नाही. तू डॉक्टर व्हिटमरना तीनदा सांगितलंस. ते म्हणाले, घाबरलीय, आणि ह्या काळ्या बायकांना आरडाओरडा करायची सवयच असते. चौथ्यांदा तू त्यांना न विचारता वरच्या डॉक्टरांना बोलावलंस. रेनिटा वाचली, पण तिचे नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले. तू तक्रार केलीस, तर चौकशीत व्हिटमर म्हणाले की श्वासाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग मला विचारलं. मी म्हणाले, मी फाइल लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं. उद्धटपणाचा शेरा तुझ्या नावावर पडला आणि महिन्याभरात तू अटलांटाला निघून गेलीस.

चौकशी संपल्यावर बाहेर गाड्या लावायच्या आवारात मी रडत तुझ्या गळ्यात पडायला आले होते. तू मला हाताने थोपवलंस आणि म्हणालीस, "हे रडणं घरी ने, कॉलीन. तोंड उघडायची वेळ आत होती." कितीतरी दिवस मला तुझाच राग यायचा. मी तर तुझ्या बाजूची होते! मनातल्या मनात, म्हणजे जिथे त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

पाच वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये वर्णभेदावर बोलायला आम्हा गोऱ्या बायकांचा एक गट सुरू झाला. मी भाजलेल्या बटाट्यांचा मोठा ट्रे घेऊन गेले. पहिल्या दिवशी जी ती आपण किती चांगल्या आहोत ते सांगत होती, मीही सांगितलं. गट चालवणारी बाई, हिल्डा श्राम, ऐंशीला टेकलेली, निवृत्त मास्तरीण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? बरं. आता पुढच्या वेळी कुणी वाकडं बोललं तर तुम्ही नेमकं काय म्हणणार, ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा." सगळ्या ताटातले बटाटे चिवडायला लागल्या. मग आम्ही पाढे घोकावेत तशी वाक्यं घोकली. मी घरी भांडी घासताना म्हणायचे, "हे बरोबर नाही, आणि तुम्हाला ते माहीत आहे." डेल पेपर खाली ठेवून विचारायचा, "आता मी काय केलं बाई?"

पहिला प्रयोग थँक्सगिव्हिंगच्या जेवणात. दिराने काळ्या लोकांवरचा नेहमीचा विनोद केला. मी म्हणाले, "मला समजला नाही. यात हसायचं काय, ते जरा सांग ना." समजावता समजावता तो लालबुंद झाला. जेवणानंतरच्या भोपळ्याच्या गोडाला कुणी हात लावला नाही, आणि जाऊ दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मी जिवंत राहिले. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंसंच होतं.

पण चुकलेही. आमच्याकडे जोसेलिन म्हणून एक तरुण नर्स आहे, तुझ्यासारखीच काळी आणि कामात तुझ्यासारखीच तिखट. एका बैठकीत तिच्यावर अन्याय झाला असं वाटून मी ताडकन उठले आणि भाषण ठोकलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, मी बोलणारच होते. तुम्ही माझ्या तोंडचा घास काढून घेतलात. आधी विचारत जा." तेव्हापासून मी आधी विचारते.

या फेब्रुवारीत पुन्हा तेच घडलं. एक काळी बाळंतीण, तीच तक्रार, एक नवा डॉक्टर. जोसेलिनने तीनदा सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी विचारलं, "बोलू?" तिने मान डोलावली. मी डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिले. "जोसेलिनने तीनदा सांगितलंय, मी ऐकलंय. आत्ता तपासा, नाहीतर तुमचं 'नाही' मी वेळेसकट कागदावर लिहिते आणि वर फोन लावते." माझा आवाज जराही कापला नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. बाई चार दिवसांनी बाळ घेऊन घरी गेली.

सगळे माझी पाठ थोपटायला लागले. मी म्हणाले, ओळखलं जोसेलिनने. ती हातमोजे काढत होती. म्हणाली, "मी तीनदा बोलले, तुम्ही एकदा, आणि ऐकलं तुमचंच. रोग नेमका तोच आहे." ती रागावली नव्हती, तापमान सांगावं तसं तिने सांगितलं. आणि मला कळलं, नव्या चांगुलपणाने जुना हिशेब मिटत नाही. तो ज्याचा त्यालाच जाऊन द्यावा लागतो.

म्हणून हे पत्र. वर्नेटा, त्या दिवशी माझं लक्ष होतं. तू तीनदा सांगितलंस ते मी ऐकलं, व्हिटमर काय म्हणाले तेही ऐकलं. चौकशीत मी खोटं बोलले, कारण मला दिवसपाळी हवी होती आणि ती त्यांच्या हातात होती. गेल्या मंगळवारी हे सगळं मी सही करून हॉस्पिटलच्या मंडळाला आणि राज्याच्या नर्सिंग परवाना कार्यालयाला दिलं. प्रत सोबत आहे. तुझ्यावरचा शेरा पुसावा, एवढी मागणी केलीय. त्यासाठी तुला काहीच करावं लागणार नाही. कदाचित तिथून तुला फोन येईल. घे किंवा नको घेऊस. तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं. क्षमा मागत नाही. ती देण्याचं काम तुझ्यावर कशाला टाकू? व्हिटमर आता विभागप्रमुख आहेत आणि माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत, त्यामुळे नोकरी जाईल या भीतीने डेलला झोप नाही. मला आहे. सोमवारी दहा वाजता मंडळ मला व्हिटमर यांच्यासमोर बसवून विचारणार आहे. मी पावणेदहालाच जाऊन बसेन.

तुझी,
कॉलीन