सुनंदाचा माइक आणि चार डायोड

४ ऑगस्ट, खारघर
सुनंदाच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले. आवाज आला, पण बारीक. गाण्याच्या क्लासच्या बायका विचारतात, कधी सुरू करताय? ही म्हणते, बघू. माइक असला तर जोर लावावा लागणार नाही, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घरीच करतोय. आज पहिल्यांदा प्लग लावला. फट्. फ्यूज गेला.

५ ऑगस्ट
सापडलं. एसीचं डीसी करणारे चार डायोड, त्यातला एक शॉर्ट. एक अँपिअरचे होते, पुढे वीज साठवणारे कपॅसिटर दांडगे. चालू करताना सगळा लोड यांच्यावर. पण नेटवरच्या सर्किटात तर हेच...

८ ऑगस्ट
वाशीला जाऊन तीन अँपिअरचे मागितले. दुकानदार : "साधे देऊ का फास्ट?"
फरक काय?
"ऑडिओला लोक फास्ट नेतात."
का?
"नेतात."
दोन्ही आणले. कदमला, ऐरोलीच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राला, फोन केला. तो म्हणतो, शॉट्की जातीचे डायोड घाल, बाकी सगळं जुनं झालं. नेटवर एक जण लिहितो, शॉट्कीने आवाज मोकळा होतो. दुसरा लिहितो, कमी व्होल्टचे घातलेत तर उडतील. माझ्या ट्रान्सफॉर्मरला किती व्होल्टचे लागतील? हिशेब केला. परत केला. उत्तर वेगळं.

११ ऑगस्ट
साधे बसवले. फ्यूज टिकला. पण स्पीकरमधून घूंऽऽ. सुनंदा हात पुसत बाहेर आली, ऐकत उभी राहिली.
"हा सूर माझ्या सा-ला लागत नाही. गायला लागले की मला खाली ओढणार."
म्हटलं, डायोड बदलतो.

१२ ऑगस्ट
फास्ट घातले. करकर कमी झाली. की करकर आधीही नव्हती? घूं तशीच. कदम म्हणतो, "घूं डायोडची नसतेच रे, अर्थिंग बघ." मग इतके दिवस मी काय करत होतो?

१५ ऑगस्ट
अर्थच्या वायरी एका जागी आणल्या. घूं गेली. आता डायोड कुठले ठेवायचे? सुनंदाला डोळे मिटून बसवलं. साधे, मग फास्ट. "पहिला बरा." नंतर काहीच न बदलता दोनदा ऐकवून पुन्हा विचारलं. "दुसरा."
म्हटलं, नक्की फरक ऐकू येतोय ना?
"तुम्हाला काय ऐकू यायला हवंय?"

१७ ऑगस्ट
आज माइक हातात घेतला तिने. एक ओळ म्हणून थांबली.
"हा माझा आवाज?"
हो.
"असा चिरका?"
म्हटलं, डायोडमुळे असेल, शॉट्की लावून बघू.
"डायोड नाही हो," म्हणाली आणि माइक खाली ठेवला.

१९ ऑगस्ट
क्लासच्या म्हात्रेकाकू बेलापूर गावातून आल्या होत्या. "ताई, आमाला तुमचा बारीक आवाज पन चालंल." सुनंदा हसली. कळवते, म्हणाली. मी तेवढ्यात शॉट्की घेऊन आलो, शंभर व्होल्टचे. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

२० ऑगस्ट
सकाळी तिनेच विचारलं, "आज बसवणार का ते?"
बसवू?
"बसवा. पण लगेच नको."
याचा अर्थ काय घ्यायचा? सोल्डरिंग आयर्न गरम झालं होतं, बंद केलं. आत तिने मोबाइलवर तंबोरा लावला. दाराशी जाऊन उभा राहिलो. तंबोरा चालू होता. ती डोळे मिटून बसली होती, अजून गात नव्हती.