अवकाळीनं उठवलेलं कासव

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१९ मे

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत असं वर लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तू आणि अतुल दाजी कसे आहात? दाजी लिहिलेलं इथं कुणी बघितलं तर माझं काय खरं नाय.

तुझा नंबर आबांनी आईच्या फोनमधून उडवलाय, आणि मला तर फोनच नाय. म्हणून पत्र. पैठणचा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, श्रेयानं दिला.

काम एकच आहे, विहिरीतल्या कासवाचं. बाकी काय नाय.

आबांनी ते पैठणच्या धरणाकडून आणलं होतं, आठवतं ना? "विहिरीत कासव असलं की पाणी आटत नाय," म्हणले. आणि सोडताना आपल्या दोघींच्या डोक्यावर हात ठेवला, "पोरी वाढतील तसं हे पण वाढंल." तेव्हा तुझ्या तळहातावर मावत होतं. आता माझ्या तळहातावर मावतं. बास, एवढीच वाढ.

आता शेजारच्या संध्याकाकूनं आबांच्या कानात भरवलंय, कासव खुंटलं म्हणजे घराची बरकत खुंटली. आमचाच चहा प्यायचा आणि वर हे. तिच्याकडं काचेच्या ताटलीत पाण्यात ठेवलेलं पितळी कासव आहे. म्हणती, "आमचं बघा, कसं लखलखतंय." लखलखंल नाय तर काय, रोज चिंचेनं घासती. मला म्हणायचं होतं, काकू, तुमचं तरी कुठं वाढलं? पण माझं तुला माहीतय. मी गपचूप कपबश्या उचलल्या.

ताई, ते खुंटलेलं नाय. त्याला वाढायला वेळच भेटत नाय. पाणी आणायला मीच पायऱ्या उतरते, म्हणून बघते. थंडीत ते गारठून तळाला बसतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळात शिरून निजतं, खात नाय काय नाय. पावसाळ्यात उठतं, किडे, बेडकाची पिल्लं खातं, तेवढ्यात अंगाला लागंल ते लागंल. आणि आता उन्हाळाच एवढा लांबतो की निजणंच जास्त. आजूबाजूला सगळ्यांनी बोअर मारले, आपली विहीर होळीलाच तळ दाखवती.

यंदा तर अवकाळीनं फसवलं त्याला. गारा पडल्या, गाळ भिजला, त्याला वाटलं पावसाळा आला. आलं वर. खायला काय नाय. मग परत असं ऊन पडलं की डबक्यातलं पाणी हाताला चटके द्यायला लागलं. गाळ वाळून दगड झाला, परत आत शिरता येईना. मानेची कातडी लोंबायला लागलीय. मी वरून ओलं पोतं टाकते. पण नळाला पाणी येतं आठवड्यानं, त्यातलं घेतलं की आई ओरडती, "माणसांना नाय अन् कासवाला लाड."

काल जेवताना आबांनी सांगितलं, विहिरीवर स्लॅब टाकायचा, भाड्याच्या खोल्या काढायच्या.

"आणि कासव?" आईनं विचारलं.

"टाका नाल्यात. ज्याला वाढायची अक्कल नाय ते ठेवून काय करायचं?"

मला काय झालं माहीत नाय. मी म्हणलं, "आबा, खायला-प्यायला भेटलं तर वाढंल ना ते."

आबा भाकरी चावायचे थांबले. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाय. शिकायला तुम्ही ठेवलं कुठं?"

हे तुला लिहायचं नव्हतं. तू गेलीस त्याच जूनमध्ये माझी शाळा बंद झाली. नववीची पुस्तकं आणलेली होती, कव्हरं पण घालून झाली होती. आबा म्हणले, "एकीनं शिकून दिवे लावले. दुसरीचं तर नावच दीपमाला!" सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. तुझा पण येतो. लग्न केलंस त्याचा नाय. जाताना मला उठवलं पण नाहीस.

तर आबा ताटावरून उठले आणि म्हणले, "जा मग तिच्याकडंच! ते कासव पण ने."

आई म्हणली, "रागात बोलले गं ते. माफी माग."

मी नाय मागितली. रात्रभर विचार केला. शाळा बंद पण त्यांनी रागातच केली होती ना? तो शब्द दोन वर्षं पाळला सगळ्यांनी. कुणी म्हणलं नाय की रागातला आहे, सोडून द्या. मग हा शब्द पण पाळायचा.

पुढच्या रविवारी सकाळच्या पैठण गाडीनं येते. कासव ओल्या पोत्यात आणते. आपण त्याला धरणात सोडू, आणलं तिथंच. तिथं तरी पाणी खोल असंल.

आणि माझ्याएवढ्या पोरीला नववीत परत घेतात का, एवढं दाजींना शाळेत विचारायला सांग. नको, राहू दे. मीच विचारीन.

पत्र आधी पोचलं तर स्टँडवर ये. नाय आलीस तर विचारत विचारत घर शोधीन.

अजून रागातच,
तुझी
दीपमाला