सोवळ्याचा कोसा आणि बाहेरदेशचा बैल

आणि यांनी खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं, डॉक्टरांच्या हातातला पांढरट तुकडा खिडकीपाशी नेला, एक डोळा मिटला आणि मोजायला लागले. डॉक्टर तेजस्विनी बोलायच्या थांबल्या. बाहेर अकरा बाया नंबर लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं यांनी निकाल दिला. “ह्यात ताणा नाही, बाणा नाही. किनार बी नाही. हे तर उसवन, म्याडम.”

(थांबा. नमस्कार राहिला.)

ती. ताराबाईंच्या चरणी धाकट्या भावजयीचा, विमलाचा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? साकोलीच्या त्या तेलानं उतार पडला, की तेलवाल्यालाच पडला? आम्ही इकडे मोहाडीत सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोन न करता पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही बोलता. पत्रात मला बोलता येतं.

डाव्या बाजूच्या गाठीचं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं तुमच्या भावानं सांगितलं नसणार. ती कॅन्सरची निघाली. शुक्रवारी नागपूरला डावा स्तन काढणार आहेत, आणि त्याच वेळी आत सिलिकॉनची गादी बसवणार आहेत. गादी खाली सरकू नये म्हणून तिला खालून झोळी लागते. ती झोळी जनावराच्या अंगची असते. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले : एक डुकराच्या कातडीची, एक बैलाच्या हृदयावरच्या आवरणाची. (प्लास्टिकची जाळीही मिळते. माझ्या बाबतीत डॉक्टरांना ती नको आहे. झोळीशिवायही काही जणींचं होतं, माझं होणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. पाणी साचू शकतं, जंतू होऊ शकतात, कधी सगळं परत काढावं लागतं, हेही सांगितलं. बाई काही लपवत नाही. मला आवडली.)

डुकराचं नाव निघाल्यावर हे खुर्चीसकट मागे सरकले. बैलाचं निघाल्यावर पुढे आले आणि बैल कुठला, असं विचारलं. बाहेरदेशचा, डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे आपल्या वळखीचा नाही,” हे म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटलं. मग डॉक्टरांनी समजावलं की त्या आवरणातल्या जनावराच्या पेशी सगळ्या धुऊन काढतात, उरतो तो नुसता सांगाडा, आणि हळूहळू त्यात माझ्याच पेशी येऊन वस्ती करतात. हे त्यांना एकदम पटलं. आपला रेशमाचा कोसाही असाच, म्हणाले. उकळायचा, किडा काढायचा, डिंक काढायचा, धागा ठेवायचा. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, विषय संपला. त्यांना विणकर माहीत नाहीत.

यांनी तो तुकडा मागून घेतला. मुदत संपलेला होता, दाखवण्यापुरता ठेवलेला; डॉक्टरांनी देऊन टाकला. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवतील. घरी आल्यावर मी शाळेच्या वह्या तपासायला बसले आणि यांनी तुकडा तांदळाच्या खळीत भिजवून अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. कोणताही नवा धागा खळ धरतो की नाही हे पाहिल्याशिवाय हे मागावर घेत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. देवकाबाई विरजण मागायला आल्या. दोरीकडे पाहून म्हणाल्या, “हा कायचा पापड व?” हे खोटं बोलू शकत नाहीत. बैलाचा, म्हणाले. मग कोणत्या जागेचा, कशासाठी, कोणाच्या आत, तेही सांगितलं. तीन महिने मी जे शाळेतसुद्धा कळू दिलं नव्हतं, ते संध्याकाळच्या आत पेठेपर्यंत गेलं. (तुकड्यानं खळ धरली नाही. हे दोन दिवस काळजीत होते.)

मग लोक यायला लागले. सुंदरबाई रडून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, या वयात हे कायले पायजे? पोरं मोठी झाली, आता कोन पाहून राहिलं? शेजारचा जागेश्वर बैलजोडी बांधून सरळ ओसरीवर आला, यांच्याजवळ तंबाखू मागितली आणि मला म्हणाला, “वैनी, यंदा पोळ्याले तुमाले बी झूल घालू. शिंगं तेवढी तुमची तुमी रंगवा.” यांना राग आला. मला हसू आलं. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा आलं, म्हणून जागेश्वरवर तुम्ही रागावू नये.

सुंदरबाईंना मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते. तीस वर्षं झाली, यांच्या मागावरून जे लुगडं उतरतं ते व्यापाऱ्याकडे जाण्याआधी माझ्या अंगावर येतं. मी ओसरीवर उभी राहते, हे चार पावलं मागे जातात, पदर कसा पडतो ते पाहतात, आणि काही न बोलता घडी घालतात. ठीक नसेल तरच बोलतात. गेल्या महिन्यात नवा कोसा उतरला. माझ्या तपासण्या चालू होत्या, म्हणून यांनी तो खुंटीवर टांगून पाहिला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. खुंटीवर पदर नीट पडला, पण यांनी घडी घातली नाही. तसाच टांगलेला ठेवला. मला ही गादी यासाठी हवी आहे. दुसऱ्या कशासाठी नाही.

आता तुमचा विषय. यांचं म्हणणं, “ताराबाईले विचारल्याबिगर मी सही नाही करत.” पोळा झाला की आठ-दहा दिवसांत आपल्या महालक्ष्म्या. तुम्ही दरसाल येता, तुमचं सोवळ्याचं लुगडं, तो जुना कोसा, वेगळ्या पिशवीत असतो, ती पिशवी तुम्ही एसटीत मांडीवर ठेवता आणि कंडक्टरलाही हात लावू देत नाही. तुमच्या देखरेखीखाली सोळा भाज्या मी रांधते. बैलाचा तुकडा छातीत घेतलेल्या बाईच्या हातचा नैवेद्य लक्ष्म्यांना चालेल का, हा प्रश्न यांना पडला आहे. मलाही पडला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी देवघरात गेले नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या कोशाचा विचार आला. एका लुगड्याला हजारांनी किडे उकळावे लागतात. ते नेसल्याशिवाय तुम्ही चुलीपाशी जात नाही. मी वाद घालत नाही. तीस वर्षांत घातला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर यंदा मी ओसरीवर बसून भाज्या चिरीन. पण नाही म्हणण्याआधी एकदा तो कोसा हातात घेऊन बसा, एवढीच विनंती.

शेजारच्या घरून सर्वांचा नमस्कार. जागेश्वरच्या बैलांचाही समजावा.

तुमची,
विमला

ता. क. सही यांची लागतच नाही. माझी लागते. मी मंगळवारी केली. बैल. आज बुधवार आहे, ऑपरेशन शुक्रवारी आहे, आणि मोहाडीचं पत्र साकोलीला पोचायला तीन दिवस लागतात. हे लिहायला बसले तेव्हाही मला ठाऊक होतं.

ता. क. २. मागायचं होतं ते दुसरंच. ऑपरेशननंतर पुढून बटणं असलेलं सैल पोलकं लागतं, आणि टाक्यांवर नवं कापड सोसत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आमच्या घरात सगळं नवंच. तीस वर्षं धुतलेलं, मऊ झालेलं असं एकच कापड मला माहीत आहे. ते तुम्ही देणार नाही, हेही माहीत आहे. तरी लिहिलं.

गुरुवार, सकाळी. पत्र पाकिटात घालायचं राहिलं. सव्वानऊला तुम्ही एसटीतून उतरलात. यांनी रात्रीच तुम्हाला फोन केला होता, ते आत्ता कळलं. तुम्ही पाणी प्यायलात, टेबलावरचं पत्र उचललंत, कारण त्यावर तुमचंच नाव होतं, आणि उभ्यानंच वाचलंत. दोन्ही ता. क. सुद्धा. मग एसटीत मांडीवर असते ती पिशवी पलंगावर ठेवलीत आणि म्हणालात, “कातर आन. तूच काप, माया हात नाही धजत.” मी तुमचा सोवळ्याचा कोसा कापला. यांनी भिंग काढलं होतं, तुम्ही ते ठेवायला लावलंत. बाराच्या गाडीनं आपण तिघं नागपूरला निघतो आहोत.