खऱ्या कमानीसमोर स्टँड

दि. २ फेब्रुवारी

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मी सुखरूप पोहोचलो. कॅमेराही सुखरूप आहे. स्टँडची पिशवी हमालाने आपटली, त्याबद्दल त्यास दोन शब्द सुनावले.

आपल्या स्टुडिओतील पडद्यावर जी दगडी कमान रंगवलेली आहे, ती आज प्रत्यक्ष पाहिली. त्या पडद्यापुढे मी गावातील निम्मी जोडपी उभी केली, तुझ्यासकट. खरी कमान मात्र जन्मात पाहिली नव्हती. पडदा रंगवणाऱ्याने तिला सरळ केले. खरी डावीकडे झुकलेली आहे, आणि झुकूनही हजारभर वर्षे उभी आहे. अकरा तारखेपासून दुरुस्तीसाठी तिच्याभोवती परांची बांधणार आहेत. ती कधी उतरेल, हे कार्यालयातही कोणास सांगता येईना. तत्पूर्वी मला तिचा फोटो घ्यावयाचा आहे.

अडचण एकच. दारावरील पहारेकरी स्टँड आत नेऊ देत नाही. कॅमेरा हातात धरून घ्या म्हणतो. माझा हात थरथरतो हे तुला ठाऊक आहे. त्याला सांगण्याची मला गरज वाटली नाही. तो मला आजोबा म्हणाला. मी म्हटले, नाते लावायचे असेल तर आधी दार उघड.

औषधे घेतो. सूनबाईस व नातीस आशीर्वाद.

तुझा,
बाबा

दि. ६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही शेजारी किल्ली ठेवून निघून गेलात, आणि आम्ही दोन दिवस दवाखाने पालथे घातले. कॅमेरा आता काचेच्या कपाटात ठेवायचा, असे आपले ठरले होते ना? फोटोच हवा असेल तर तिथे त्या कमानीची पोस्टकार्डे मिळतात.

शनिवारी ही येते आहे, परतीची दोन तिकिटे घेऊन. तिच्यापुढे तुमचे काही चालत नाही, म्हणूनच तिला पाठवतो. रागावू नये. काळजी वाटते म्हणून लिहिले.

तुमचा,
थोरला

दि. १२ फेब्रुवारी

चि. थोरल्यास आशीर्वाद.

पोस्टकार्डाचा सल्ला पोहोचला. उद्या मला भूक लागली, तर ताटाचे चित्र पाठवशील काय? कपाटाचे ठरले होते असे लिहितोस. ते तुझे ठरले होते. मी गप्प बसलो होतो. तो होकार नव्हता.

सूनबाई शनिवारी आली. आधी तिने माझी बॅग भरली, मग मला फैलावर घेतले. मी शब्द दिला की, रविवारी सकाळी एकदा दारापर्यंत चल, त्यानंतर तू नेशील तिकडे निमूट येईन.

रविवारी पहारेकऱ्याने पुन्हा हात आडवा घातला. सूनबाईने विचारले, स्टँडने बिघडते तरी काय? तो म्हणाला, लोखंडी टोकांनी फरशीला ओरखडे पडतात, आणि जाब आम्हाला द्यावा लागतो. त्याचे म्हणणे रास्त होते. आठवडाभर आम्ही दोघे नुसतेच गुरगुरत होतो. कारण मी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते.

मी तिथेच बूट काढले आणि स्टँडचे दोन पाय त्यांत रोवले. तिसरा अधांतरी राहिला. पहारेकरी हसू लागला. सूनबाईने आपली एक चप्पल पुढे सरकवली. त्याने वाकून फरशी पाहिली, मिशीवरून हात फिरवला आणि बाजूला झाला.

हात थरथरला. कॅमेरा हलला नाही. फोटो सोबत आहे. कमान वाकडी आहे, कॅमेरा सरळ होता, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यानंतर मी बॅग उचलली. शब्द तो शब्द. मात्र स्टेशनच्या वाटेवर सूनबाईनेच चौकशी केली की, या बाजूस आणखी जुने काय आहे. डोंगरापलीकडे एक पडका पूल आहे. तिकिटे तिने परत केली. ती नेईल तिकडे येईन असे मी म्हटले होते. ती पुलाकडे नेत आहे. मी शब्द मोडलेला नाही.

तुझ्या काळजीबद्दल राग नाही. ती असू दे, पण कपाटात ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. (सूनबाईच्या हातचे) मी खुशाल आहे. स्टँड मी उचलते. हा आठवडा मुलीच्या वेण्या तुम्ही घालायच्या आहेत, आणि घट्ट घाला. सैल झाल्या की ती शाळेत रडते.