काचेआडचा हत्ती

रवि. ३ ऑगस्ट, लातूर
वाचक मंडळ भरलं. वकिलांची गच्ची, आठ माणसं, चिवडा मऊ पडलेला. या महिन्याचा विषय: लहानपणचं आवडतं पुस्तक. दर रविवारी एकानं सांगायचं. आज मी. वडिलांनी उदगीरहून आणलेलं परीकथांचं पुस्तक नेलं. बोललो बरं. शेवटी उगाच शेपूट जोडलं: कंधारजवळच्या शाळेत नऊ वर्षं पुस्तकांचं कपाट माझ्याकडं होतं, एक नग हरवला नाही. टाळ्या. नवीन आलेल्या सुनीताबाई, दवाखान्यात नर्स आहेत, त्यांनीही वाजवल्या. छाती फुगली.

रवि. १०
सुनीताबाईंची पाळी. हात हलवत आल्या. म्हणाल्या, "माझं आवडतं पुस्तक मी वाचलेलंच न्हाई." सगळे हसले.
मग सांगू लागल्या. शाळेत हेडसरांच्या खोलीत काचेचं कपाट. पुढंच एक पुस्तक, वर छत्री घेतलेला हत्ती. खोली झाडायची पाळी आली की काचेला नाक लावून बघायच्या. कुलूप कधी निघालं नाही. मग गोष्ट स्वतःच रचली. हत्तीची कंधारची एसटी चुकते, कंडक्टर म्हणतो टपावर बस, टप खाली येतो... भावंडांना सांगितली, आता लेकीला सांगतात. वकील डोळे पुसत हसत होते.
कुणीतरी विचारलं, सर फार कडक होते का?
"न्हाई ओ, लई चांगले. कधी मारलं न्हाई. फक्त चावी खिशात."
माझ्याकडं बघितलं नाही. ते हेडसर मीच. ते कपाट माझं. कुलूपसुद्धा मीच निवडून आणलेलं, पितळी.

मंगळ. १२
जेवण जात नाही. ही विचारते, पित्त झालं का? हो म्हटलं.
कारणं जुळवून पाहिली. हरवलं तर जबाबदारी माझी. पोरांचे हात मळकट. तपासणीला साहेब यायचे. सगळं खरं. पण साहेब वर्षातून एकदा यायचे, पोरं रोज. "पुस्तके सुस्थितीत" असा शेरा मिळाला तेव्हा मी स्टाफला पेढे वाटले होते. हे इथं लिहितानाही लाज वाटते.

शुक्र. १५
झेंडावंदनानंतर त्या शाळेत फोन लावला. हल्लीचे गुरुजी म्हणाले, "ते कपाट? वाळवी लागली सर. कधीच जाळून टाकलं सगळं. पुस्तकं निसती कोरी करकरीत, कुणी उघडलेलीच नव्हती म्हणे."

रवि. १७
मंडळाला गेलो नाही. पाय दुखतो असं कळवलं. खोटं.
संध्याकाळी सुनीताबाईंचा फोन. "पाय कसा हाय सर?" मग म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तुम्हाला. एवढी पोरं, तुम्ही कसं ओळखणार."
म्हटलं, बाई, चुकलं माझं.
"बाई काय सर. सुनी म्हणायचे तुम्ही."
सुनी, चुकलं माझं. जाऊ द्या सर, असं काही ती म्हणाली नाही. तिचा स्वभावच गोड, पण तेवढं तिनं मला दिलं नाही. बरोबरच केलं.
मग म्हणाली, "एक विचारू का? खरी गोष्ट काय होती त्यातली? हत्ती कुठं निघाला होता? लेक सारखी विचारायलीय. येत्या रविवारी आणते तिला. तुमच्या तोंडून ऐकू द्या."
बघू म्हणालो.

गुरु. २१
हत्तीचं पुस्तक, दाखल नंबर एकशे सत्तेचाळीस. पानं चोवीस. नंबर, पानं, सगळं रजिस्टरमधलं पाठ आहे. दर दिवाळीला फडक्यानं पुसायचो. आत काय होतं ते आठवत नाही.
आठवत नाही हेही खोटं. शिक्का मारायला पहिलं पान उघडलं असेल. पुढं मी वाचलंच नाही. नऊ वर्षं. आणि गच्चीवर वाचनावर भाषणं देतो.

शनि. २३
हिला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं. म्हणाली, "रचून सांगा की काहीतरी. लेकरू हाय." वही घेऊन बसलो. हत्ती छत्री घेऊन निघतो. पुढं हलत नाही.
तुझ्या आईची गोष्टच खरी, तेच होतं पुस्तकात, असं सांगितलं तर? पोर खूश होईल. सुनीही होईल कदाचित. पण त्यात सुटतो तो मीच. आणि खरं सांगायचं तर एका लेकरासमोर म्हणावं लागेल की मी ते ना तुझ्या आईला वाचू दिलं, ना स्वतः वाचलं.
उद्या चार वाजता. अजून ठरत नाही.